राजिमच्या संगमातलं आठ बाजूंचं जोतं

रायपूर स्टेशनात राजिमच्या मेमूत चढण्याआधी एकदा खाली रुळांकडे बघावं. भिलाईच्या पोलाद कारखान्यात १९६० पासून रेल्वेसाठी रूळ तयार होतात आणि देशातल्या रुळांचा फार मोठा वाटा तिथूनच येतो. तेव्हा समोरचा रूळही भिलाईचाच असावा असं धरायला हरकत नाही. तो कशाचा बनला? लोखंड दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरातलं. भट्टीत खनिजातला नको असलेला भाग मळीच्या रूपाने वेगळा काढायला चुनखडी लागते, ती नंदिनीच्या खाणीतली. आणि या सगळ्या तापलेल्या कारभाराला लागणारं पाणी धमतरीजवळच्या गंगरेल धरणातून कालव्याने येतं. गंगरेल महानदीवर आहे. म्हणजे जी नदी बघायला आपण निघालो, तिच्याच पाण्याने निवलेल्या पोलादावरून आपण तिच्याकडे जातो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हापासून राजिमची गाडी मला साधी लोकल गाडी वाटत नाही.

रायपुरात आमच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे, १९३५ सालचं. तिथे चार मराठी माणसं जमली की सहलींच्या गप्पा निघतातच, आणि हल्ली त्यांत दक्षिण चीनही येतो. ग्वांगझूहून वेगवान गाडीने अडीच-तीन तासांत ग्वेलिन, मग ली नदीतून होडीने यांगशुओपर्यंत ८३ किलोमीटर, दोन्ही काठांना सरळ उभे चुनखडीचे सुळके. चीनच्या वीस युआनच्या नोटेवर तेच दृश्य छापलेलं आहे. ते बघायला जरूर जावं. पण गाडी आणि नदी मिळून होणारा असा एक दिवस आपल्या दारातूनही निघतो, आणि त्या दिवसात समजून घेण्यासारखं इतकं आहे की तो मी पुन्हा पुन्हा काढत आलो आहे.

राजिमला रेल्वे पहिल्यांदा १९०० साली आली. बंगाल नागपूर रेल्वेने रायपूरहून धमतरीपर्यंत नॅरोगेज टाकली आणि अभनपूरहून तिची एक फांदी राजिमला नेली. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे आपली बार्शी लाइट किंवा विदर्भातली शकुंतला यांच्याइतकंच. अरुंद रुळांना जमीन कमी लागते, वळण आखूड घेता येतं, पूल हलके चालतात. थोड्या पैशांत लांब पोचण्याची ती युक्ती होती. तोटा एकच, पण मोठा. रायपूरला मोठ्या लाइनशी गाठ पडली की सगळा माल हाताने उतरवून दुसऱ्या डब्यांत भरायचा. धमतरीचा तांदूळ आणि सिहाव्याच्या बाजूचं लाकूड असंच हमालांच्या खांद्यांवरून पुढे जात राहिलं. त्याच १९०० च्या जानेवारीत माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केलं आणि त्यामागे रायपूरचे वामन बळीराम लाखे उभे होते. ज्यांच्या नावाने आज इथे सप्रे शाळा आणि लाखेनगर आहे तेच हे दोघे मराठी गृहस्थ. एकाच वर्षी या मुलखाला छोटी रेल्वे आणि स्वतःचं मासिक मिळालं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रायपुरातून जाणारी ती छोटी लाइन आता नाही. तिच्या पट्ट्यावर स्टेशनपासून तेलीबांध्याकडून पुढे जाणारा एक्सप्रेस-वे झाला. म्हणून आजची गाडी राजिमला सरळ जात नाही. ती आधी पूर्वेला मंदिर हसौदला जाते, तिथे विशाखापट्टणमकडची लाइन सोडते, नवा रायपूरच्या कोऱ्या स्टेशनांतून वळसा घेते आणि केंद्रीला येऊन जुन्या वाटेला लागते. पुढे अभनपूर, मानिकचौरी आणि राजिम. अभनपूरपर्यंतची मेमू ३० मार्च २०२५ ला सुरू झाली आणि राजिमपर्यंतची १८ सप्टेंबर २०२५ ला. रुळांतलं अंतर आता १६७६ मिलिमीटर, त्यामुळे हाताने माल चढवण्या-उतरवण्याचा प्रश्नच उरला नाही.

मंदिर हसौद आलं की एक गोष्ट मनात ठेवावी, पुढे नदीवर ती उपयोगी पडते. इथून जवळच चंदखुरी आहे. कौसल्येचं माहेर ते हेच, अशी इथली श्रद्धा. तळ्याच्या मध्यावर तिचं देऊळ आहे. कौसल्या या मातीची लेक, म्हणजे राम साऱ्या छत्तीसगढचा भाचा. म्हणून इथे मामा भाच्याच्या पाया पडतो. वयाने तो पाच वर्षांचा असला तरी. आपल्याकडे भाचा मामाला वाकून नमस्कार करतो, त्यामुळे इथे नव्याने आलेल्या मराठी माणसाला घरच्या कार्यात हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा तो गोंधळून जातो.

खिडकीतून दिसणारी जमीन सपाट आहे, भाताच्या बांधांनी आखलेली. डोळ्याला तिथे काही विशेष दिसत नाही, आणि नेमकं तेच विशेष आहे. छत्तीसगढचं मैदान एखाद्या परातीसारखं आहे: कडेला डोंगर, मध्ये खोलगट, आणि त्या खोलगटात शंभर कोटी वर्षांहून जुन्या उथळ समुद्रात साचलेले चुनखडीचे आणि शेलचे थर. रायपूरच्या परिसरातल्या चुनखडीत स्ट्रोमॅटोलाइट सापडतात. उथळ पाण्यात सूक्ष्म जीवाणूंचे चिकट थर पसरत, त्यांवर गाळ बसे, त्यावर पुन्हा जीवाणू चढत. असे पापुद्रे साचत साचत झालेले ते दगड. तेव्हा पृथ्वीवर प्राणी नव्हते, झाडं नव्हती, गवताचं पातंही नव्हतं. तीच चुनखडी आज बलौदा बाजारच्या बाजूला सिमेंट होते आणि नंदिनीहून भिलाईच्या भट्टीत जाते. समोरच्या रुळात त्या समुद्राचाही हात आहे.

मग साहजिकच प्रश्न येतो. दगड तोच, चुनखडी. तर ग्वेलिनला सुळके का आणि इथे सपाटी का? चुनखडीला पावसाचं पाणी विरघळवतं. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला की पाणी किंचित आंबट होतं आणि दगड खाऊ लागतं. ग्वेलिनची चुनखडी आपल्यापेक्षा वयाने बरीच लहान, साधारण ३५ ते ४० कोटी वर्षांची. पण ती शुद्ध आहे, अतिशय जाड आहे, जमीन वर उचलली गेल्यामुळे नद्यांना खोल खोदायला वाव मिळाला, आणि पाऊस रायपूरच्या जवळजवळ दीडपट. भेगांमधला दगड विरघळून गेला आणि मधले खांब उरले. आपल्याकडचे थर आडवे पडलेले, मध्ये मध्ये शेलचे पडदे, आणि नद्या वरच्यावर वाहणाऱ्या. पाणी खोल उतरून दगड कापणार कसं? बस्तरात मात्र कुटुमसरच्या गुहेत त्याच आंबट पाण्याने आतून महाल कोरले आहेत. तेव्हा चीनमध्ये जे उघड्यावर दिसतं, ते छत्तीसगढात जमिनीखाली उतरून बघावं लागतं.

राजिमला उतरून नदीकाठी आलं की पहिल्यांदा वाळू दिसते. पावसाळा सोडला तर पात्राचा मोठा भाग वाळूचाच असतो आणि तिच्यातून पाण्याच्या दोन-चार धारा वळत जातात. ती मूठभर हातात घेऊन नीट बघावी. काचेसारखे दाणे क्वार्ट्झचे, गुलाबी-पांढरे फेल्डस्पारचे, आणि उन्हात लकाकणारी अभ्रकाची पापडी. हे दाणे चुनखडीतून निघणं शक्य नाही, कारण चुनखडी झिजते ती मुख्यतः पाण्यात विरघळून. ही ग्रॅनाइटची वाळू आहे, दक्षिणेकडच्या सिहाव्याच्या आणि गरियाबंदच्या डोंगरांतली. महानदी सिहाव्याजवळ समुद्रसपाटीपासून ४४२ मीटर उंचीवर उगम पावते. तिला जायचं आहे पूर्वेला, बंगालच्या उपसागराला, पण निघते ती उत्तरेकडे. परातीची दक्षिणेकडची कड उंच आणि मध्य खोल, म्हणून पाणी आधी मध्याकडे घरंगळतं. शिवरीनारायणच्या बाजूला शिवनाथ मिळाली की मग ती पूर्वेला वळते आणि जोंक, हसदेव यांना घेत पुढे जाते. साडेआठशे किलोमीटरांहून लांब प्रवासातला राजिम हा अगदी सुरुवातीचा मुक्काम.

वाळूत ढोपरभर खड्डा केला तर तळाशी स्वच्छ पाणी जमतं. दोन दाण्यांमधली पोकळी हीच या नदीची टाकी. वरून कोरडी दिसणारी नदी खालून सावकाश वाहत असते, आणि वाळूतून गाळून आलेलं ते पाणी उघड्या धारेपेक्षा नितळ असतं. विदर्भातल्या वाचकांना असे झिरे चांगले ठाऊक असतील. वाळूचा उपसा वाढला की ही टाकीच ट्रकांतून निघून जाते, हे कळायला खड्डा खणून बघण्यापेक्षा दुसरा पुरावा लागत नाही.

इथे तीन नद्यांचा संगम मानतात: महानदी, पैरी आणि सोंढूर. नकाशा बघितला तर सोंढूर वर गरियाबंदच्या बाजूलाच पैरीला मिळून येते, आणि राजिमला प्रत्यक्ष भिडतात त्या दोन धारा. ही दोन धारांची गोष्ट लक्षात असू द्या.

त्याआधी काठावरचं राजीवलोचन. विष्णूचं हे देऊळ एका आयताकृती अंगणात आहे आणि चार कोपऱ्यांत वराह, नरसिंह, वामन आणि बद्रीनारायण यांची छोटी देवळं. मंडपातल्या खांबांवरच्या मूर्ती सावकाश बघाव्यात. नदीच्या गावाला शोभतील अशा गंगा-यमुनाही त्यांत आहेत. १९२५ साली याच देवळात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून शेजारच्या चमसूर गावचे पंडित सुंदरलाल शर्मा उभे राहिले. नाशिकचा काळाराम सत्याग्रह १९३० चा. राजिमची हकीकत त्याच्या पाच वर्षं आधीची, आणि महाराष्ट्रात ती फारशी कोणाला माहीत नाही.

मंडपाच्या भिंतीत शिलालेख बसवलेले आहेत. नल वंशाच्या विलासतुंग राजाचा एक, आणि रतनपूरच्या कलचुरी राजांचा सेनानी जगपाल याचा दुसरा. दोन्हींचं वाचन आणि संपादन केलं ते नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी. जन्माने देवगड तालुक्यातल्या कुवळ्याचा हा माणूस. १९५५ साली त्यांचा कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा प्रचंड ग्रंथ निघाला आणि जगपालाचा लेख त्यात आहे. जगपालाने इथे रामाचं देऊळ बांधलं, त्याची ही नोंद. तारीख अशी: कलचुरी संवत ८९६, माघ शुक्ल अष्टमी, बुधवार.

ही तारीख आपल्या कॅलेंडरात आणायची कशी? कलचुरी संवत कधीच वापरातून गेला. तो कोणत्या वर्षापासून मोजायचा हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. अभ्यासकांनी धरला तो तिथी आणि वार यांचा मेळ. तिथी चंद्रावर चालते, वार सात दिवसांच्या अखंड साखळीवर. या दोघांना एकमेकांशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे संवताचा आरंभ एखाद्या वर्षाने चुकीचा धरला तर अष्टमी बुधवारऐवजी भलत्याच वारी येते. एखादा लेख योगायोगाने जुळेल, सातांत एकदा तसं होणारच. पण दहा-वीस लेख एकाच आरंभाशी जुळले तर तो योगायोग राहत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवून गेलेले कीलहॉर्न यांनी आणि नंतर मिराशींनी हे काम केलं. ८९६ मध्ये २४८ मिळवले की ११४४ येतात. वर्ष शरदात सुरू होत असे आणि माघ त्यानंतर, म्हणून ११४५ चा जानेवारी. दिवस निघतो ३ जानेवारी ११४५. मी कागद-पेन्सिल घेऊन तो वार मोजला, मग आजच्या अमावास्येपासून मागे चंद्राचे महिने मोजत गेलो. वार बुधवार आला. अमावास्या होऊन साडेसात दिवसांहून थोडा जास्त काळ लोटलेला, म्हणजे शुक्ल अष्टमीच. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी दगडावर खोदलेली एक ओळ तुमच्या हिशेबाशी अशी बरोबर जुळते तेव्हा अंगावर काटा येतो.

आता कुलेश्वर. हे शिवाचं देऊळ काठावर नाही, संगमात आहे. चहूकडे वाळू, पावसाळ्यात चहूकडे पाणी. हल्ली झुलता पूल झाल्यामुळे भर पुरातही तिथवर जाता येतं. पंढरपूरच्या चंद्रभागेतलं पुंडलिकाचं देऊळ डोळ्यांसमोर आणा, पण ते कोणी तीन पुरुष उंच जोत्यावर उचलून ठेवलंय अशी कल्पना करा. ते जोतं दगडी आहे, साधारण १७ फूट उंच, आणि अष्टकोनी. देऊळ नवव्या शतकाच्या सुमाराचं मानतात. वाळूच्या नदीत, दोन पुरांच्या तोंडावर, ते हजारांहून जास्त पावसाळे टिकलं कसं?

पूर काय करतो ते आधी बघू. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. पण त्याला लोटता येणाऱ्या दगडाचं वजन ६४ पट होतं. उन्हाळ्यात वाळूचा कण हलवणारी नदी भाद्रपदात धोंडे घेऊन येते ती यामुळे. तरीही नदीतली बांधकामं बहुधा या धक्क्याने पडत नाहीत, ती पायाखालची वाळू गेल्याने पडतात. हे तुम्ही स्वतः करून बघू शकता. वाहत्या, घोट्याइतक्या पाण्यात वाळूवर स्थिर उभे राहा. पाणी पायावर आदळतं, त्याला पुढे जायला जागा नसते, म्हणून ते पायाच्या अंगाने खाली वळतं आणि तळाशी गोल फिरत वाळू उकरतं. मिनिटभरात तळव्याखालची वाळू गेलेली असते आणि तोल जातो. पुलाच्या खांबाभोवती हेच होतं, फक्त मोठ्या मापाने. समोर जितकी रुंद सपाट भिंत, तितकं जास्त पाणी खाली वळणार आणि तितका खोल खड्डा पडणार.

आठ बाजूंचं गणित इथे कामाला येतं. आठही बाजू सारख्या धरल्या, तर जोत्याच्या एकूण रुंदीपैकी साधारण ४१ टक्केच भाग पाण्याला समोरून भिडतो. दोन्हीकडच्या बाजू ४५ अंशांत मागे सरतात आणि पाणी त्यांच्यावरून घसरत निघून जातं. चौकोनी जोतं असतं तर पूर्ण रुंदी सपाट उभी राहिली असती.

पण मग पुलाच्या खांबांना काढतात तसं टोक का काढलं नाही? टोक तर पाणी आणखी सहज कापतं. दक्षिण चीनमध्येच याचं एक थोर उदाहरण आहे. ग्वेलिनजवळ शिंगआनला इसवी सनपूर्व २१४ मध्ये छिन सम्राटाच्या आज्ञेने लिंगछू कालवा खोदला गेला, ३६ किलोमीटर लांबीचा. उत्तरेला यांगत्सेकडे जाणारी शियांग आणि दक्षिणेला उतरणारी ली, या दोन नद्या त्याने जोडल्या. शियांगच्या पात्रात एक टोकदार दगडी बांध प्रवाहाकडे तोंड करून उभा केला आहे. तो पाणी दुभागतो, साधारण सात भाग शियांगला, तीन भाग लीला. बावीसशे वर्षं तो हे करतो आहे. तिथे टोक चालतं, कारण पाणी एकाच दिशेने येतं.

राजिमला पाणी दोन दिशांनी येतं. कधी सिहाव्याकडे पाऊस जास्त, तेव्हा महानदी भरून येते. कधी गरियाबंदच्या डोंगरात, तेव्हा पैरी. दोन्ही एकदम आल्या तर धार मधूनच कुठूनतरी लागते. एका दिशेला टोक केलं असतं तर दुसऱ्या नदीच्या पुरात तेच टोक आडवं पडून त्याची भिंत झाली असती. अष्टकोनाला मात्र पुढची-मागची बाजू नाही. पाणी कुठूनही येवो, प्रत्येक ४५ अंशांवर त्याला तोच आकार भेटतो. बांधणाऱ्यांच्या मनात हेच होतं असं सांगणारा लेख नाही, आणि अष्टकोनाला धार्मिक अर्थही असतोच. पण संगमावर, दोन लहरी नद्यांमध्ये, जोत्यासाठी याहून शहाणा आकार मला तरी सुचत नाही.

इथले लोक हे वेगळ्या रीतीने सांगतात. संगमातला कुलेश्वर भाचा आणि काठावरचं महादेवाचं देऊळ मामाचं. पूर चढला की भाचा मामाला हाक मारतो, आणि पाणी मामाच्या पायाशी पोचलं की ओसरू लागतं. म्हणून मामा-भाच्याने एका नावेत बसू नये. या गोष्टीत पुराची खूणही लपलेली आहे असं मला वाटतं. काठावरचं एक ठराविक देऊळ, त्याच्या पायरीला पाणी लागलं म्हणजे पुराचा कळस झाला, हे पिढ्यान् पिढ्या बघून ठरलेलं माप. चंदखुरीच्या मुलखात ते लक्षात ठेवायला मामा-भाच्याच्या नात्याइतकं पक्कं दुसरं काय मिळणार?

जायचं असेल तर दोन वेळा चांगल्या. माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत इथे मोठा मेळा भरतो, साऱ्या पात्रात माणसं असतात. तो बघायचा असेल तर तेव्हा. शिलालेख निवांत बघायचा असेल तर त्याच्या आठवडाभर आधी, माघ शुक्ल अष्टमीला जावं, त्याच्याच तिथीला. राजीवलोचनाचा पीडिया नावाचा प्रसाद घ्यावा आणि परतीच्या मेमूची वेळ आधीच बघून ठेवावी. दुसरी वेळ भाद्रपदाची, नदी भरलेली असताना. तेव्हा झुलत्या पुलावरून पाणी जोत्याच्या आठांपैकी कोणत्या बाजूवर फुटतं आहे ते बघा. त्यावरून त्या दिवशी जास्त पाऊस सिहाव्याला झाला की गरियाबंदला, याचा अंदाज करता येतो.